विश्लेषण : फेकून द्यायला निघालेला फोटोंचा ठेवा आज कोट्यवधींचा कसा झाला? कोण होते आल्फ्रेड स्टिग्लिट्झ?

सन १९३३. अमेरिकेत महामंदीचा काळ. न्यूयॉर्कमधल्या एका ६९ वर्षांच्या माणसाकडे ४०० हून अधिक छायाचित्रे गोदामात पडून होती. ती त्याने स्वतः काढलेली नव्हती. तरुणपणी ज्या छायाचित्रकारांवर त्याने जीव लावला, त्यांच्याकडून एकेक करून जमवलेली होती. आता गोदामाचे भाडे परवडत नव्हते आणि त्यातल्या अनेकांशी बोलणेही उरले नव्हते. हा सगळा ठेवा टाकून देण्यापर्यंत त्याची तयारी झाली होती. अखेर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तो ताब्यात घेतला.

त्याच ठेव्यातल्या काही छायाचित्रांच्या दुसऱ्या प्रती अलीकडच्या लिलावांत लाखो डॉलरना गेल्या. एक तर १ कोटी डॉलरच्याही पुढे गेली. हा संग्राहक म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लॅटिनम प्रिंटचा विषय निघाला की त्यांचे नाव येतेच. त्यांनी काय जमवले, का जमवले आणि शेवटी ते का नकोसे झाले, हे समजून घेऊ.

प्लॅटिनम प्रिंट म्हणजे नेमके काय?

आपल्या ओळखीचा जुना कृष्णधवल फोटो चांदीचा असतो. कागदावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे कण. म्हणून असा फोटो बहुधा चकचकीत दिसतो. वर्षे गेली की चांदी हवेतल्या गंधकाने खराब होते. फोटो पिवळट पडतो, फिका होतो किंवा काळ्या भागावर आरशासारखी झाक येते.

प्लॅटिनम प्रिंटमध्ये जिलेटिनचा थरच नसतो. लोह आणि प्लॅटिनम यांच्या क्षारांचे द्रावण थेट कागदात मुरवले जाते. त्यावर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरला की अतिनील किरणांमुळे लोहाचा क्षार बदलतो. पुढे पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात हाच बदललेला क्षार प्लॅटिनमच्या क्षारापासून शुद्ध धातू मोकळा करतो. उरलेले लोह सौम्य आम्लात धुऊन काढतात. शेवटी कागदाच्या तंतूंमध्ये प्लॅटिनमचे बारीक कण तेवढे राहतात. म्हणजे चित्र कागदाच्या वर बसलेले नसते, ते कागदाच्या आत असते.

ही पद्धत इंग्लंडच्या विल्यम विलिस यांनी शोधली आणि १८७३ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिचे दोन मोठे फायदे होते. प्लॅटिनम सहसा कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळे चित्र फिके पडत नाही. दुसरे म्हणजे गडद काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या असंख्य छटा मिळतात. माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा खेळ त्यात फार नाजूकपणे उतरतो. व्यक्तिचित्र काढणाऱ्यांना हा कागद इतका आवडला, त्याचे कारण हेच.

एक अडचण मात्र होती. ही पद्धत मंद असल्याने निगेटिव्ह मोठी करून छापणे अवघड होते. जेवढी निगेटिव्ह तेवढाच प्रिंट. मोठे चित्र हवे तर निगेटिव्हही तेवढीच मोठी लागे.

इंजिनीअरिंग सोडून कॅमेऱ्याकडे

स्टिग्लिट्झ यांचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये झाला. आई-वडील जर्मनीतून आलेले ज्यू. सहा भावंडांत आल्फ्रेड थोरले. घरची स्थिती उत्तम होती. १८८१ मध्ये सगळे कुटुंब युरोपात गेले आणि आल्फ्रेड यांनी बर्लिनच्या तंत्रशिक्षण संस्थेत मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला.

तिथे त्यांची गाठ हर्मन फोगेल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशी पडली. प्रकाशाचा रसायनांवर होणारा परिणाम हा फोगेल यांचा विषय. छायाचित्रणाच्या काचेला निळ्याखेरीज इतर रंगही दिसावेत यासाठी तीत रंगद्रव्य मिसळण्याची युक्ती त्यांनीच १८७३ मध्ये शोधली होती. या वर्गात स्टिग्लिट्झ रमले आणि यंत्रे मागे पडली. त्यांनी कॅमेरा घेतला आणि युरोपभर भटकंती सुरू केली. १८८७ मध्ये लंडनच्या एका छायाचित्रण नियतकालिकाच्या स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

१८९० मध्ये बहिणीच्या मृत्यूनंतर ते न्यूयॉर्कला परतले. वडिलांच्या मदतीने छपाईच्या ब्लॉकचा व्यवसाय करून पाहिला, पण त्यात मन लागले नाही. १८९३ मध्ये एमिलिन ओबरमेयर यांच्याशी विवाह झाला. एमिलिन श्रीमंत घरातल्या होत्या. त्यांच्या आणि वडिलांच्या पैशामुळे स्टिग्लिट्झ यांना पोटापाण्यासाठी फोटो काढावे लागले नाहीत. पुढचे सगळे समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पैशासाठी फोटो काढायचा नाही हे त्यांचे तत्त्व होते, आणि ते पाळणे त्यांना परवडतही होते.

वाद कशावरून होता?

त्या काळी अमेरिकेत छायाचित्रणाकडे कला म्हणून फारसे कुणी पाहत नव्हते. कॅमेरा हे यंत्र आहे, ते समोरचे जसेच्या तसे उतरवते, मग त्यात माणसाचे काय, असा सर्वसाधारण समज होता. त्यातच हातात धरता येणारे स्वस्त कॅमेरे बाजारात आले आणि जो तो फोटो काढू लागला.

स्टिग्लिट्झ यांचे म्हणणे वेगळे होते. चित्रकार जसा कुंचला वापरतो तसा छायाचित्रकार उजेड, भिंग, कागद आणि धातू वापरतो. प्रत्येक प्रिंट हाताने केलेली, स्वतंत्र वस्तू असते. एकाच निगेटिव्हवरून काढलेले दोन प्रिंटही सारखे नसतात. हे पटवून द्यायचे तर असे प्रिंट लोकांना दाखवायला हवेत. दाखवायचे तर कुणीतरी ते विकत घेऊन जपायला हवेत. संग्रहालये ते करत नव्हती. मग स्टिग्लिट्झ यांनीच ते सुरू केले.

१९०२ मध्ये त्यांनी 'फोटो-सेसेशन' नावाचा गट उभा केला. १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक काढले. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत छोटेसे दालन उघडले. पुढे ते नुसत्या '२९१' या आकड्यानेच ओळखले जाऊ लागले. रोदँ, मातीस, सेझान, पिकासो यांची कामे अमेरिकेतल्या लोकांनी सुरुवातीच्या काळात पाहिली ती याच जागेत. भिंती मोजक्याच असत, पण त्यावर काय लागते याची चर्चा शहरभर होई.

संग्रहात कोणाचे चेहरे होते?

या संग्रहातले मोठे नाव गर्ट्रूड केझेबियर. त्यांचा जन्म १८५२ चा. संसार आणि तीन मुले सांभाळून पस्तिशीनंतर त्यांनी कलाशिक्षण घेतले आणि पंचेचाळिशीच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्या काळचे स्टुडिओ रंगवलेले पडदे, खोटे खांब आणि कुंड्या मांडून फोटो काढत. केझेबियर यांनी हे सगळे बाजूला सारले. साधी पार्श्वभूमी, खिडकीतून येणारा उजेड आणि समोर बसलेले माणूस. आई आणि मूल यांची त्यांची चित्रे विशेष गाजली. १८९८ मध्ये बफेलो बिलच्या खेळाबरोबर न्यूयॉर्कला आलेल्या सू जमातीच्या लोकांना त्यांनी स्टुडिओत बोलावले. तमाशासाठी उभे केलेले योद्धे म्हणून नव्हे, तर समोर बसलेली माणसे म्हणून त्यांची चित्रे काढली. 'कॅमेरा वर्क'चा पहिला अंक स्टिग्लिट्झ यांनी केझेबियर यांनाच वाहिला होता.

दुसरे नाव एडवर्ड स्टाइकन. १९०३ मध्ये त्यांनी धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांचे छायाचित्र काढले. त्यासाठी मिनिटांचाच वेळ मिळाला होता. मॉर्गन यांची रोखलेली नजर आणि खुर्चीच्या चकाकणाऱ्या हातामुळे त्यांच्या मुठीत सुरा असल्याचा होणारा भास, यामुळे ते चित्र प्रसिद्ध झाले. स्टाइकन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार मॉर्गन यांना ते अजिबात आवडले नाही आणि त्यांनी प्रत फाडून टाकली. काही वर्षांनी तेच चित्र '२९१'मध्ये पाहून मॉर्गन यांच्या ग्रंथपालाला ते हवेसे वाटले. स्टिग्लिट्झ यांच्याकडच्या प्रतीसाठी मोठी रक्कम देऊ केली गेली. स्टिग्लिट्झ यांनी ती विकली नाही.

याखेरीज क्लॅरेन्स व्हाइट, फ्रँक यूजीन, ऑस्ट्रियाचे हाइन्रिक क्युन अशा अनेकांचे प्रिंट त्यांनी जमवले. काही भेट म्हणून आले, बरेचसे त्यांनी पैसे मोजून घेतले. दुसरा कुणी खरेदीदार नसताना एक छायाचित्रकार दुसऱ्याचे काम विकत घेत होता.

मग बिनसले कुठे?

स्टिग्लिट्झ यांचा स्वभाव हट्टी आणि हुकमी होता. केझेबियर यांना स्टुडिओच्या कमाईवर घर चालवायचे होते. त्यामुळे त्या व्यावसायिक छायाचित्रकारांच्या संघटनेत गेल्या. पैशासाठी कला विकणे स्टिग्लिट्झ यांना मान्य नव्हते. संबंध ताणले गेले आणि १९१२ मध्ये केझेबियर यांनी गट सोडला. घरून पैसा असलेल्या माणसाने कमावून खाणाऱ्या बाईला कमाईवरून बोल लावावेत, यातली विसंगती त्यांना दिसली असावी, असे वाटत नाही. त्याच सुमारास व्हाइटही दुरावले. १९१६ मध्ये केझेबियर आणि व्हाइट यांनी इतरांसह वेगळी संघटना उभी केली.

स्टिग्लिट्झ यांची आवडही बदलत होती. धूसर, चित्रासारखा दिसणारा फोटो त्यांना आता जुना वाटू लागला. त्यांना स्वच्छ, थेट, फेरफार न केलेले छायाचित्र हवे होते. 'कॅमेरा वर्क'चे शेवटचे अंक त्यांनी तरुण पॉल स्ट्रँड यांच्या तशाच कामाला दिले. तोवर सुरुवातीचे शेकडो वर्गणीदार ओसरून जेमतेम ४० च्या आसपास उरले होते. १९१७ मध्ये मासिक बंद झाले आणि '२९१'ही.

युद्धाने कागदच संपवला

याच काळात प्लॅटिनम प्रिंटवरही संकट आले. तेव्हा जगातले बहुतेक प्लॅटिनम रशियातून येत होते. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा विस्कळीत झाला. त्याच वेळी स्फोटकांसाठी लागणारी आम्ले तयार करताना उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमची गरज वाढली. ज्या धातूने चेहरे उमटत होते तो दारूगोळ्याच्या कामी लागला. भाव सोन्याच्या कित्येक पट झाला. मोठ्या कंपन्यांनी प्लॅटिनमचा कागद बनवणे थांबवले. विलिस यांच्या कंपनीने पर्याय म्हणून पॅलेडियम या भावंड-धातूचा कागद आणला. त्याचा रंग जरा तपकिरी, उबदार.

म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले प्लॅटिनम प्रिंट आज मोलाचे मानले जातात. कागद महाग, प्रती थोड्या आणि पुढे कागदच मिळेनासा झालेला.

जॉर्जिया ओकीफ यांची तीनशे छायाचित्रे

१९१६ मध्ये जॉर्जिया ओकीफ या चित्रकार शिक्षिकेची कोळशाने काढलेली चित्रे स्टिग्लिट्झ यांच्या हाती आली आणि त्यांनी ती '२९१'मध्ये लावली. पुढच्या वर्षी त्यांनी ओकीफ यांचे पहिले छायाचित्र काढले. त्यानंतरच्या २० वर्षांत ही संख्या ३०० च्या वर गेली. चेहरा, हात, मान, कधी नुसती बोटे. एका माणसाचे व्यक्तिचित्र एका फोटोत मावत नाही, ते आयुष्यभर काढत राहावे लागते, अशी त्यांची धारणा होती. यातले अनेक प्रिंट पॅलेडियमवर आहेत.

या कथेला दुसरी बाजूही आहे. तेव्हा स्टिग्लिट्झ विवाहित होते. १९१८ मध्ये ते घर सोडून बाहेर पडले. १९२४ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी ओकीफ यांच्याशी विवाह. मुलगी किटी बाळंतपणानंतर मनाने खचली आणि तिचे पुढचे आयुष्य रुग्णालयात गेले. लहानपणी तिचे असंख्य फोटो वडिलांनी काढले होते.

संग्रहालयाचे दार उघडणारे कुमारस्वामी

छायाचित्राला कलासंग्रहालयात जागा मिळवून देण्यात एका भारतविद्येच्या अभ्यासकाचा वाटा आहे. कोलंबोत जन्मलेले आनंद कुमारस्वामी १९१७ पासून बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात भारतीय विभाग सांभाळत होते. भारतीय मूर्ती आणि लघुचित्रांवरील त्यांचे लेखन आपल्याकडे आजही अभ्यासले जाते. त्यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये या संग्रहालयाने स्टिग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे स्वीकारली. अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्रहालयाने छायाचित्राला कलाकृती म्हणून घेण्याची ही सुरुवात मानली जाते. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनेही त्यांची २२ छायाचित्रे घेतली.

म्हणजे १९३३ पर्यंत स्टिग्लिट्झ यांचे स्वतःचे काम संग्रहालयात पोहोचले होते. बाहेर गोदामात राहिले होते ते इतरांचे. सुरुवातीला सांगितलेला ठेवा तो हाच. मेट्रोपॉलिटनने तो नेला तेव्हा केझेबियर हयात होत्या, वय ८१ वर्षे. दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या. व्हाइट १९२५ मध्येच वारले होते. भांडणानंतरही स्टिग्लिट्झ यांनी वीस वर्षे त्यांचे प्रिंट सांभाळले होते. नकोसे झाले तेव्हाही ते एकगठ्ठा होते, त्यामुळे एकगठ्ठा वाचले.

स्टिग्लिट्झ यांचे निधन १३ जुलै १९४६ रोजी झाले. त्यानंतर ओकीफ यांनी जवळपास तीन वर्षे त्यांच्या कामाची वर्गवारी केली. प्रत्येक छायाचित्राचा उत्तम प्रिंट निवडून त्यांनी एक संच तयार केला आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला दिला. पुढे भर पडून या संचात १,६४२ छायाचित्रे झाली. ती कुणाला विकली असती तर विखुरली असती.

आज किंमत किती?

२००५ मध्ये मेट्रोपॉलिटनला आणखी एक मोठा खासगी संग्रह मिळाला. त्यामुळे काही छायाचित्रांच्या एकाहून अधिक प्रती झाल्या आणि जास्तीच्या प्रती फेब्रुवारी २००६ मध्ये सदबीजच्या लिलावात आल्या. स्टाइकन यांच्या तळ्यावरच्या चांदण्याच्या १९०४ च्या चित्राला सुमारे २९ लाख डॉलर मिळाले. स्टिग्लिट्झ यांनी १९१९ मध्ये टिपलेल्या ओकीफ यांच्या हातांच्या पॅलेडियम प्रिंटला सुमारे १४.७ लाख डॉलर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात स्टाइकन यांच्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या चित्राची एक प्रत सुमारे १ कोटी १८ लाख डॉलरना गेली. मेट्रोपॉलिटनकडे याच चित्राचे तीन वेगवेगळ्या रंगछटांचे प्रिंट आहेत. तिन्ही १९३३ च्या त्या ठेव्यातले.

खरा प्लॅटिनम प्रिंट कसा ओळखतात?

- पृष्ठभाग : पूर्ण मॅट. तिरक्या उजेडात धरला तरी चकाकी किंवा थर दिसत नाही.
- भिंगाखाली : कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात आणि चित्र त्यांच्यात मुरलेले असते.
- गडद भाग : चांदीच्या फोटोसारखी आरशाची झाक येत नाही, कडा फिक्या पडत नाहीत.
- समोरचा कागद : वर्षानुवर्षे दुसऱ्या कागदाला चिकटून राहिलेला प्रिंट त्या कागदावर स्वतःची पुसट तपकिरी छाया उमटवतो. प्लॅटिनममुळे समोरच्या कागदाची झीज वेगाने होते, त्याचा हा परिणाम. जाणकार ही खूण आधी शोधतात.
- फसगत कुठे होते? : 'कॅमेरा वर्क'मधली चित्रे फोटोग्रॅव्हूर आहेत, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून शाईने छापलेली. तीही मॅट आणि सुंदर दिसतात, पण ते प्लॅटिनम प्रिंट नव्हेत. शिवाय काही चांदीचे कागद मुद्दाम मॅट बनवले जात. शंका असेल तर संग्रहालये क्ष-किरणांच्या साहाय्याने धातू तपासतात.

जपायचे कसे?

प्लॅटिनम टिकते, पण ते ज्या कागदात आहे तो टिकेलच असे नाही. धुताना लोहाचा अंश राहिला असेल तर कागद पिवळा पडतो. आम्लामुळे तो ठिसूळ होऊन तुटू लागतो. म्हणून असे प्रिंट आम्लविरहित कागदात, कोरड्या जागी, थेट उन्हापासून दूर ठेवतात. ओल्या फडक्याने पुसणे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणे किंवा चिकटपट्टी लावणे टाळावे.

घरातल्या जुन्या ट्रंकेत पणजोबा-पणजींचा जाड पुठ्ठ्यावर लावलेला मॅट फोटो सापडला, तर तो प्लॅटिनमचा असेलच असे नाही. लाखोंची किंमत येईल असे तर मुळीच नाही. पण तो फेकण्याआधी फोटोतल्या माणसांची नावे, गाव आणि अंदाजे साल एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे. केझेबियर यांच्या स्टुडिओत बसलेल्या सू लोकांपैकी अनेकांची नावे आज माहीत आहेत, कारण ती त्या वेळी कुणीतरी लिहून ठेवली होती.